अण्णांचा डेड स्टॉक

अण्णांच्या घरी टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. मध्ये टीव्ही बदलला, पिशवी तीच राहिली. सोफ्यावर दुकानातून आलेलं कव्हर, त्यावर काकूंनी विणलेला क्रोशाचा रुमाल, त्यावर रोजची चादर. साधा पाहुणा आला तर चादर निघते, व्याही आले तर क्रोशाही निघतो. कव्हर काढावं लागेल एवढा मोठा माणूस अजून सांगलीत यायचा आहे.

अण्णा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होते. 'जुना पार्ट आणून दाखव, मग नवा ने,' हे वाक्य त्यांनी नोकरीभर म्हटलं. मेकॅनिक लोक सांगायचे, गाडीतून जुनं बेअरिंग काढणं सोपं, अण्णांच्या कपाटातून नवं काढणं अवघड. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल आणि नारळ दिला. नारळ फोडला, शाल रजिस्टरला चढली.

हे रजिस्टर म्हणजे अण्णांचं खरं चरित्र. सरकारी कचेरीत जी वस्तू वापरून संपत नाही, म्हणजे टेबल, खुर्ची, कपाट, भिंतीवरचं घड्याळ, ती डेड स्टॉक रजिस्टरला लावतात आणि दरवर्षी तिची पडताळणी होते. अण्णांनी घरासाठी तसंच एक रजिस्टर केलंय. अनुक्रमांक, वस्तूचं वर्णन, खरेदी दिनांक, किंमत, वॉरंटी समाप्ती, शेरा. इस्त्रीपुढे शेरा आहे, 'उत्तम. वापर नाही.' पंख्यापुढे आहे, 'आवाज करतो, पण फिरतो.' ३१ मार्चला ते हातात पेन घेऊन घरभर हिंडतात आणि प्रत्येक वस्तूपुढे बरोबरची खूण करतात. त्या दिवशी काकू माहेरी जातात.

अशा माणसाची दाढ किडली.

मी दातांचा डॉक्टर. आमच्या खुर्चीत बसलेला माणूस आधी 'दुखेल का' विचारतो आणि मग 'किती होतील'. अण्णांनी दोन्ही विचारलं नाही. उजवीकडच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल झालं, आणि बधिर ओठातून जमेल तसा त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "यावर कॅप बसवणार, ती टिकणार किती?"

मी तीन नमुने समोर ठेवले. नुसत्या धातूची कॅप चिवट, पण जांभई दिली की लोकांना दिसते. धातूवर पोर्सिलेनचा थर चढवलेली कॅप १९६०च्या दशकापासून जगभर चालत आली आहे, दिसायला छान, पण कधीतरी एखाद्या कोपऱ्याचा टवका उडतो आणि आतला धातू डोकावतो. तिसरी झिर्कोनियाची. मागच्या दाढेला लावतात ती बहुधा आरपार एकाच पदार्थाची असते, त्यामुळे टवका उडायला वर वेगळा थरच नाही. अण्णांनी तिसरी उचलली.

"कंपनी जुनी आहे का?"

"कंपनी नाही हो अण्णा, पदार्थ आहे. झिर्कोनियम धातूचा ऑक्साइड. १७८९ साली क्लाप्रोट नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं सिलोनहून आलेल्या खड्यात तो ओळखला."

"म्हणजे सवाई माधवरावांच्या वेळचा," अण्णांनी हिशेब केला. "बरं, सरकारी वापर कुठं आहे?"

"तारापूरला अणुभट्टीत ज्या नळ्यांमध्ये इंधन भरतात, त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात."

अण्णा खुर्चीत सरळ बसले. अणुऊर्जा खात्यानं घेतलंय म्हणजे रीतसर टेंडर निघालं असणार, तपासणी झाली असणार, कुणीतरी सही केली असणार. सही हा अण्णांचा श्रद्धेचा विषय.

काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "माझ्या कुड्यांतले अमेरिकन डायमंड कशाचे असतात हो?" खरं ते सांगावं लागलं. तोही झिर्कोनियाच, फक्त आतली स्फटिकरचना वेगळी. "कुड्या साडेतीनशेला घेतल्या," काकू म्हणाल्या, "आणि यांच्या एका दाढेला बारा हजार?" मी म्हटलं, पैसे पदार्थाचे नाहीत, मापाचे आहेत. कुडी कानाला जराशी मोठी झाली तर चालते, कॅप केसभर मोठी झाली तर अण्णांचा जबडा मिटणार नाही. या उत्तरानं काकूंचं समाधान झालं नाही, आणि बारा हजारांपुढे कुठल्या बाईचं व्हावं अशी माझीही अपेक्षा नाही.

अण्णांना जोराचा आकडा हवा होता. मागच्या दाढांसाठीच्या झिर्कोनियाची ताकद १००० मेगापास्कलच्या आसपास असते. दात खऱ्यासारखे पारदर्शक दिसावेत म्हणून केलेली जात त्याहून बरीच नाजूक, ६००च्या आगेमागे. "सुंदर नको," अण्णा ताबडतोब म्हणाले. काकूंनी छताकडे पाहिलं.

एवढी ताकद येते कुठून, हे मी त्यांना एस.टी.च्या भाषेत सांगितलं. शुद्ध झिर्कोनिया भट्टीतून काढून थंड केला तर त्याचे कण फुगतात आणि तो आपोआप तडकतो. म्हणून त्यात सुमारे तीन टक्के इट्रियम ऑक्साइड मिसळतात. त्यानं कण दबून, अंग चोरून बसतात. पुढे कधी तडा जायला लागला की तड्याच्या टोकाजवळचे कण एकदम आपली बैठक बदलतात, तीन-चार टक्क्यांनी फुगतात आणि तड्याला दोन्हीकडून आवळतात. खच्चून भरलेल्या गाडीत मागून कुणी घुसायला लागला की उभे असलेले सगळे पाय रोवून कोपरं बाहेर काढतात आणि घुसणारा दारातच चेंगरतो, तसं. १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या तीन शास्त्रज्ञांनी हा गुण 'नेचर' या नियतकालिकात मांडला. लेखाचं शीर्षकच होतं, 'सिरॅमिक पोलाद?'

"प्रश्नचिन्ह कशाला?"

"शीर्षकात आहे, अण्णा."

"म्हणजे लिहिणाऱ्यालाच खात्री नव्हती."

"तेव्हा नसेल. पुढे आली सगळ्यांना."

"मग चिन्ह काढलं का त्यांनी नंतर?"

पुढच्या खेपेला ते वही घेऊन आले. नातवाकडून मोबाइलवर शोध लावून घेतला होता. "२००१ साली एका फ्रेंच कंपनीला खुब्याच्या सांध्यातले झिर्कोनियाचे गोळे परत मागवावे लागले. माणसांच्या अंगात तुटले. हे तुम्ही बोलला नाहीत." चौकशीला आलेल्या ऑडिटरचा सूर होता. मी सांगितलं की ती गोष्ट खरी आहे. त्या कारखान्यानं भट्टीची पद्धत बदलली, त्यातून निघालेल्या मालात कण नीट बसले नव्हते, आणि शरीराच्या ओलीत ते पृष्ठभागापासून हळूहळू उलटत गेले. तोंडही चोवीस तास ओलं, म्हणून तर आता दातांचा झिर्कोनिया १३४ अंशांच्या दाबाखालच्या वाफेत तासन्‌तास ठेवून तपासतात. त्या काही तासांत तोंडातल्या बऱ्याच वर्षांचं म्हातारपण येतं, असा ढोबळ हिशेब आहे.

"कुकरमध्ये ठेवून बघू का बसवायच्या आधी?"

"घरचा कुकर १२० अंशांच्या आसपास जातो."

"मग शिट्ट्या वाढवू की."

काकूंनी कुकर द्यायला साफ नकार दिला, म्हणून ती चाचणी राहिली.

दाढेचं माप लॅबला गेलं. तिथं खडूइतक्या मऊ चकतीतून कॅप कोरून काढतात, ती मुद्दाम वीस-पंचवीस टक्के मोठी, कारण नंतर १५०० अंशांच्या भट्टीत ती आक्रसून मापावर येते. हे ऐकून अण्णांचा चेहरा प्रथमच मऊ झाला. घट हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. ऑइलची घट, रंगाची घट, कापसाच्या बोळ्यांची घट, सगळ्यांची मंजूर टक्केवारी त्यांना अजून तोंडपाठ आहे. "पंचवीस टक्के घट आणि तरी माप जुळतं?" ते पुटपुटले. "आमच्याकडे असता तर त्या माणसाला पहिलं इन्क्रिमेंट मी लावलं असतं."

तोपर्यंत त्यांच्या दाढेवर तात्पुरती कॅप होती. सांगलीत तात्पुरत्या कॅपचं जे होतं तेच तिचं झालं, आठवड्यात हळदीनं पिवळी. हळदीचा बाजार गावात आणि आमटी घराघरात, ॲक्रिलिकचा काय निभाव लागणार! अण्णांनी आरशात पाहून वहीत नोंद केली.

बसवायच्या दिवशी ते खिशातून व्हर्नियर कॅलिपर घेऊन आले. मी कॅप तळहातावर ठेवली. ती त्यांनी आधी खिडकीशी नेऊन उजेडात धरली, मग नखानं स्टीलच्या ट्रेवर टिचकवली. बारीक 'टिंग' झालं. त्यांनी ते पुन्हा ऐकलं. मग कॅलिपरचे जबडे तिच्या बाजूच्या भिंतीवर अलगद मिटवले आणि चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला. "एक मिलीमीटरसुद्धा नाही!" मी म्हटलं, हेच तर तिचं कौतुक. पोर्सिलेनच्या कॅपला वरून दीड-दोन मिलीमीटर दाढ कापावी लागते, हिला त्याच्या निम्म्यात भागतं, तुमची स्वतःची दाढ जास्त वाचते. 'वाचते' हा शब्द ऐकल्यावर त्यांनी कॅप परत दिली.

कॅप चढली. निळा कागद दातांत देऊन चावायला सांगितलं. एका टोकाला गडद ठिपका उठला, तेवढा घासला आणि मग रबरी चाकांनी बराच वेळ पॉलिश केलं. आमच्या धंद्यातले काही लोक ही शेवटची पायरी गाळतात, ते मला पटत नाही. गुळगुळीत झिर्कोनिया समोरच्या दाताशी सभ्यपणे वागतो. खरखरीत सोडला तर समोरच्या दाताला कानशीच लावल्यासारखं होतं. अण्णांच्या बाबतीत धोका दुप्पट, कारण काकूंच्या साक्षीनुसार ते झोपेत दात खातात. कुणावर, ते काकूंनी सांगितलं नाही. रात्री घालायचा नाइट गार्ड मी वेगळा करून दिला.

मग आलं वॉरंटी कार्ड. कडक, चकचकीत, वर नंबर, पंधरा वर्षांची मुदत. अण्णांनी भिंग काढून मागची बारीक अक्षरं वाचली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"आज मला एकाहत्तर. पंधरा म्हणजे शहाऐंशी. मधे मी गेलो तर वारस लावता येतो?"

"अण्णा, कॅपला नॉमिनी नसतो."

"पण कॅप तर चांगली असणार ना तेव्हा?"

"असेल. झिर्कोनिया वितळायला २७०० अंश लागतात. दहनात एवढी उष्णता होतच नाही, विद्युतदाहिनीतही हजाराच्या आसपास. आणि ही तर १५०० अंशांच्या भट्टीतून पास होऊन आली आहे."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. "म्हणजे अस्थी सावडताना सापडेल," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दुःख अजिबात नव्हतं. "पोराला सांगून ठेवतो. कार्ड कपाटात डाव्या खणात."

"सापडेल तेव्हा सापडेल," काकू म्हणाल्या, "आधी तिच्यावर भाकरी तर खा."

तिथंच घोटाळा झाला. घरी जाऊन अण्णांनी कार्ड लॅमिनेट केलं आणि रजिस्टरला नोंद घातली, 'दाढेची कॅप, झिर्कोनिया, नग १, उजवी खालची.' आणि एकदा वस्तू रजिस्टरला चढली की अण्णा ती वापरतात कशाला! त्यांनी उजव्या बाजूनं चावणंच बंद केलं. कडक भाकरी डावीकडून, चकली डावीकडून, भडंगातले शेंगदाणे डावीकडून. उजवीकडे फक्त ताक आणि बोलणं. लाकूड-लोखंडाला हेवा वाटावा अशी वस्तू तोंडात शोभेला ठेवली आणि सगळं ओझं टाकलं डावीकडच्या, कॉलेजच्या दिवसांत चांदी भरून घेतलेल्या म्हाताऱ्या दाढेवर.

ही जात अण्णांपुरती नाही, बरं का. लग्नातला डिनर सेट ज्यांच्या घरी काचेच्या कपाटात आहे आणि जेवण स्टीलच्या ताटात, ती सगळी माणसं माझ्याकडे येतात. कॅप बसवून घेतात आणि विचारतात, "आता या बाजूनं जपून ना?" मी सांगतो, जपायचं ते दुसऱ्या बाजूला. ते मान डोलावतात आणि घरी जाऊन जपतात.

दोनेक वर्षांनी अण्णा डावा गाल धरून आले. फुटाणा चावताना चांदीच्या दाढेची आतली भिंत उभी फुटली होती. तिचं पाहून झालं आणि सहज उजवीकडे आरसा नेला, तर कॅप बसवल्या दिवशी होती तशी, ओरखडा नाही. तिच्या भोवतीची हिरडी मात्र लाल, सुजलेली, हात लावताच रक्त. न चावणाऱ्या बाजूला अन्नाचा थर जास्त साचतो, आणि अण्णा त्या बाजूला ब्रशही हळू फिरवत होते, कॅप झिजू नये म्हणून.

एक्स-रे काढला. अण्णांनी फिल्म उजेडाकडे धरली. "कॅप पांढरीशुभ्र दिसते. आत काय चाललंय ते दिसत नाही?"

"नाही. झिर्कोनिया किरण अडवतो. फक्त कडा दिसते." कडेला किडीची सुरुवात होती, अगदी थोडी.

"मग काढून बघू या."

"ती काढता येत नाही, कापावी लागते. हिऱ्याचे कण लावलेले बर झिजवत."

"हिऱ्यानं?" दुखणारा गाल विसरून अण्णा काकूंकडे वळले. "ऐकलंस? हिऱ्यानं!"

"मग वॉरंटी लावून घ्या की," काकू म्हणाल्या. अण्णांनी कार्ड बरोबर आणलंच होतं, आणि कार्डावरचं कलम त्यांना आमच्यापेक्षा पाठ. कॅप मोडली तर वॉरंटी. खालची दाढ किडली, हिरडी गेली, सिमेंट सुटलं, तर नाही. मी इतक्या वर्षांत पाहतोय, झिर्कोनियाची कॅप मोडून आलेला पेशंट क्वचितच दिसतो. कॅप शाबूत आणि तिच्याखालचं सगळं वाहून गेलंय, असे दिसतात. पाहण्यांमध्येही पाच वर्षांनी शंभरातल्या नव्वदाहून जास्त कॅप जागेवर असतात, आणि ज्या जातात त्यांतल्या बऱ्याच स्वतःच्या दोषानं जात नाहीत. अण्णांना हे पटलं, पण वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. एवढं पंधरा वर्षांचं कार्ड, आणि ते वापरायची संधीच येणार नाही.

कडेची कीड वेळेत सापडली होती, ती साफ करून भरली. हिरडीसाठी धागा आणि बारीक ब्रश दिला आणि तो रजिस्टरला चढवायचा नाही, रोज वापरून संपवायचा, अशी काकूंसमोर कबुली घेतली. डावीकडच्या दाढेचं रूट कॅनाल झालं आणि तिच्यावरही झिर्कोनियाची कॅप बसली. दुसरं कार्ड आलं, तेही लॅमिनेट झालं. रजिस्टरमध्ये 'नग १' खोडून 'नग २' केलं, बाजूला सही.

आणि अण्णा पेचात पडले. आता दोन्हीकडे स्टॉक. खुर्चीतून उठता उठता त्यांनी विचारलं, "डॉक्टर, आता चावू कुठनं?"

"दोन्हीकडून, अण्णा. त्यासाठीच बसवल्यात."

उत्तर त्यांना फारच उधळेपणाचं वाटलं. दोन-चार दिवस ते खिचडीवर राहिले आणि मग त्यांनी आपला आपण तोडगा काढला, गावातल्या पार्किंगच्या पाट्यांवरून. सम तारखेला उजवीकडून चावायचं, विषम तारखेला डावीकडून. हिरडी आता बरी आहे, दोन्ही कॅप उत्तम आहेत, आणि डॉक्टर म्हणून माझी या पद्धतीला काही हरकत नाही. अडचण फक्त एकतीस दिवसांच्या महिन्याची आहे. एकतीस आणि एक, लागोपाठ दोन विषम तारखा येतात आणि डाव्या कॅपवर जादा ड्यूटी पडते. म्हणून एकतीस तारखेला अण्णा मऊभात खातात.